थांबली का अटकली

डोमाजीभाऊंशी बोलताना माणसाने दम घेऊ नये. जरा थांबलात, की तुमच्या वाक्यातला पुढचा शब्द त्यांच्या तोंडून येतो. मोठ्याने नाही. ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून, नुसती हवा सुटावी तसा, पण तुमच्या कानापर्यंत नेमका पोचणारा. किराणा दुकानात एखादी बाई "मले पायजे..." म्हणून फळीकडे बघत राहिली, की मागून हळूच येतं, "पावभर तूरडाळ." ती वळूनही बघत नाही. "पावभर तूरडाळ," म्हणते आणि डाळ घेऊन निघते. आपल्याला साखर पाहिजे होती हे तिला घरी गेल्यावर आठवतं.

आमच्या वॉर्डातले एक म्हातारे गृहस्थ वारले, तेव्हा श्रद्धांजलीला एक पुढारी उभे राहिले. "ते अत्यंत..." म्हणाले, आणि गाडी थांबली. "अत्यंत..." पुन्हा तेच. डोमाजीभाऊ तिसऱ्या रांगेत होते. "मनमिळाऊ," ते पुटपुटले. पुढाऱ्यांनी शब्द झेलला आणि "मनमिळाऊ" वर पाच मिनिटं ओढली. वारलेले गृहस्थ वीस वर्षं सख्ख्या भावाशी बोलत नव्हते, आणि तो भाऊ पहिल्याच रांगेत बसला होता.

यात त्यांचा काही चावटपणा नसतो. तो त्यांचा धंदाच होता. आम्ही ब्रह्मपुरीचे. धान निघालं की दिवाळीपासून होळीपर्यंत आमच्या झाडीपट्टीत गावोगाव नाटकं होतात. एकेका मंडळाकडे सात-आठ नाटकं. काल नागभीडकडे बाप झालेला नट आज पोंभुर्ण्याकडे खलनायक होतो. तालमीला वेळ कोणाला? मग सगळं नाटक ज्याच्या भरवशावर चालतं तो माणूस विंगेत स्टुलावर वही घेऊन बसलेला असतो. प्रॉम्प्टर. डोमाजीभाऊंनी तीस वर्षं हेच केलं.

"वाक्य सांगणं काई कठीण नाई बाई," ते मला सांगायचे. "वाक्य तर वहीत लिहूनच राहते. पण नट थांबला का अटकला, हे समजलं पायजे. थांबला असन अन् तू सांगितलं, तर सीन मेला. अटकला असन अन् तू नाई सांगितलं, तर तो मेला."

हे ओळखण्यात आपण कधी चुकलो नाही, असं ते म्हणायचे. मग सोडलं कशाला, असं विचारलं की गुडघ्यावर हात फिरवायचे. "बसवत नाई आता."

आता माझं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी प्रज्ञा. पुण्यात सहा वर्षं सॉफ्टवेअरचं काम केलं. एका सकाळी कंपनीने व्हिडिओ कॉलवर बोलावून दहा मिनिटांत सांगितलं की तुमची जागा आता उरलेली नाही. पुढच्या आठवड्यात मी ब्रह्मपुरीला आईकडे. आईने शेजारीपाजारी सांगितलं, पोरगी सुट्टीवर आली. आठ महिने झाले तरी माझी सुट्टी संपेना, तेव्हा लोकांनी विचारणं सोडलं आणि नुसतं बघणं सुरू केलं. ते जास्त वाईट.

इंटरव्ह्यू सगळे घरूनच, लॅपटॉपवर. एकेका कंपनीच्या चार-चार फेऱ्या. समोर माझ्याहून लहान एखादा मुलगा, बहुतेकदा कॅमेरा बंद. तो प्रोग्रॅम लिहायला सांगणार, मी लिहीत लिहीत बोलायचं, तो "ओके" म्हणणार. त्या ओकेचा अर्थ आठ महिन्यांत मला लागला नाही. तिसऱ्या-चौथ्या फेरीपर्यंत न्यायचं आणि मग गप्प व्हायचं, ही त्यांची रीत. नाही म्हणायलाही कोणी येत नाही. आणि बायोडेट्यातले रिकामे महिने वाढत गेले, तसतशी उत्तरंही कमी होत गेली. एप्रिल लागला तेव्हा माझ्या मेलला उत्तर देणाऱ्या दोनच कंपन्या राहिल्या होत्या. त्या दोन संपल्यावर काय, हे आई बोलत नव्हती आणि मीही नाही.

त्यात आमच्या घराच्या भिंतीला लागून राइस मिल. ती चालू झाली की कपाटातले डबे नाचतात. एका इंटरव्ह्यूत समोरच्याने विचारलं, तुम्ही ट्रेनमध्ये आहात का? ब्रह्मपुरीत घरी बसून प्रवासाचा आनंद. दुसऱ्या दिवशी आई डोमाजीभाऊंकडे गेली. ते पलीकडच्या गल्लीत एकटेच राहतात. बायको जाऊन बारा वर्षं झाली, मूलबाळ नाही. त्यांच्या मागच्या खोलीत मोबाइलच्या चारही दांड्या येतात.

"एक तास पोरीले खोली द्या," आई म्हणाली.

"तास काऊन? रोज येऊ दे ना," डोमाजीभाऊ म्हणाले.

मी रोज जाऊ लागले. टेबलाशी बसून सराव करायचा, म्हणजे ठरलेल्या प्रश्नांची ठरलेली उत्तरं मोठ्याने म्हणायची. भाऊ कोपऱ्यात बसून ऐकायचे. चौथ्या दिवशी पाहिलं तर मांडीवर लांब वही, आणि त्यात आमचा इंटरव्ह्यू नाटकासारखा लिहून काढलेला. डावीकडे "कंपनीवाला" आणि "प्रज्ञा", उजवीकडे वाक्यं. इंग्रजी सगळं देवनागरीत. मध्ये कंसात सूचना. "प्रज्ञा (किंचित हसून) : आय लाइक टू वर्क इन अ टीम." मी किंचित कधी हसले होते देव जाणे.

"सगळ्यायचं नाटक एकच आहे बाई," ते म्हणाले. "नावं बदलते फक्त. पाठ करून टाक."

"पाठ करून जमत नाही भाऊ. प्रोग्रॅम लिहायला नवीन देतात."

"नवीन काई नसते. काल तू तीन खेप हॅशमॅप म्हणली. मी मोजलं."

हे मात्र खरं होतं. लाखभर नावांतून दोनदा आलेलं नाव शोधा, पहिलं न जुळणारं अक्षर शोधा, असले अर्धे प्रश्न हॅशमॅप नावाच्या एकाच युक्तीने सुटतात. दहावीपर्यंत शिकलेल्या माणसाने कोपऱ्यात बसून हे ताडलं होतं. मला जरा रागच आला, खोटं कशाला बोलू.

एक प्रश्न मात्र त्यांना आवडला नव्हता. पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता? मी माझं घोटलेलं उत्तर म्हटलं. ते लिहिता लिहिता थांबले.

"हे सगळ्यायले विचारते का?"

"हो. सगळ्यांना."

"मले कोणी विचारलं नाई," ते म्हणाले आणि पुढचं वाक्य लिहायला लागले.

उरलेल्या दोन कंपन्यांपैकी पहिलीची फेरी मंगळवारी होती. भाऊंच्या त्या खोलीत आणि चुलीच्या जागेत भिंत नाही, पडदा आहे. मंडळाचा जुना, रंगवलेला पडदा. संगमरवरी महाल, कारंजं, दोन मोर आणि दूर डोंगरात सूर्य, उगवतोय की मावळतोय हे रंगवणाऱ्यालाच ठाऊक. माझी पाठ त्या पडद्याकडे, आणि भाऊ वही घेऊन लॅपटॉपच्या पलीकडे. कॉल सुरू झाला आणि समोरचे गृहस्थ म्हणाले, तुमचं व्हर्च्युअल बॅकग्राउंड कृपया काढा.

"सर, हे खरं आहे," मी म्हणाले.

"आमच्या नियमात चालत नाही. सेटिंगमध्ये जाऊन बंद करा."

मी उठले आणि महालाला हात लावून हलवून दाखवला. कारंज्याला लाट आली. सर म्हणाले, ओके, सुरू करू.

सुरुवात चांगली झाली. पहिला प्रश्न सुटला. दुसरा अवघड होता, पण माझ्या डोक्यात वाट दिसायला लागली होती. अशा वेळी मी बोलत नाही. डाव्या कानाची पाळी धरून स्क्रीनकडे बघत बसते. पंधरा सेकंद गेले असतील, वीस गेले असतील. नाटकात वीस सेकंद म्हणजे लोक खुर्च्या वाजवायला लागतात.

लॅपटॉपच्या पाठीमागून, ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून, हळूच आलं. "हॅशमॅप."

नव्या लॅपटॉपांचे माइक फार चांगले असतात हो. सर म्हणाले, तुमच्यासोबत कोण आहे? मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, थँक यू, आपण इथेच थांबू. स्क्रीनवर माझाच चेहरा उरला, मागे दोन मोर.

आणि उत्तर हॅशमॅप नव्हतंच. दुसरंच होतं, आणि ते मला सुचलं होतं.

पुण्यात सहा वर्षं राहून माझं मले-तुले गेलं असं मला वाटायचं. रागात सगळं परत आलं. "तुमाले कोणी सांगितलं होतं बोलायले? मी विचार करून राह्यली होती. तुमचा आवाज माइकमध्ये जाते, समजते का तुमाले? माइकमध्ये जाते."

ते उभे राहिले. वही मिटली. मी लॅपटॉप उचलून घरी आले.

आईला सगळं सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, जाऊ दे, म्हातारा माणूस. ती निवडत असलेले तांदूळ बाजूला ठेवून म्हणाली, "माइकचं बोलली तू त्याले?"

मग तिने सांगितलं. गुडघ्याचं सगळं खोटं होतं. मंडळाने दोन वर्षांमागे नटांच्या कॉलरला लावायचे नवे माइक आणले. एका गावात नाटक रंगलं होतं, नायिका मरायला टेकली होती, मंडपात बायका डोळे पुसत होत्या. आणि ती बोलायच्या आधी चारही भोंग्यांतून डोमाजीभाऊंचा आवाज आला, "बाबा, मी जाते." मागून तिने तेच म्हटलं. सगळा मंडप हसला. मरणाच्या सीनला. त्या नायिकेला उठून आत जावं लागलं. मालकाने सगळ्यांसमोर भाऊंना सांगितलं, तुमचा आवाज माइकमध्ये जाते, आता जमायचं नाही. तीस वर्षांचा हिशेब एका वाक्यात मिटला. सकाळच्या पहिल्या बसने ते परत आले, वळकटी आणि तो पडदा घेऊन.

"तुला कसं माहीत?" मी विचारलं.

"त्याच बसमध्ये होती मी. सिंदेवाहीहून येत होती. सगळं सांगितलं अन् म्हणाला, वहिनी, कोणाले सांगजा नोका. मी कोणाले सांगितलं नाई. आज तुले सांगितलं."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. हातची नोकरी गेली म्हणून, असं आईला वाटलं, आणि मीही तसंच वाटू दिलं.

दुसऱ्या दिवशी मी गेले. माफी मागायची होती. वाक्यही ठरवलं होतं. पण दारात उभी राहिले आणि "भाऊ, काल..." एवढंच निघालं. पुढचं काही सुचेना. मी वाट पाहिली. पुढचा शब्द त्यांनी द्यावा म्हणून खरंच वाट पाहिली. त्यांनी दिला नाही. चहाचं आधण उतरवलं, दोन कप मांडले आणि म्हणाले, "अंदाज चुकला माझा. तू अटकली नव्हती. थांबली होती."

"असू द्या भाऊ."

"असू काऊन देऊ? तुझी नोकरी गेली ना." कप माझ्याकडे सरकवून ते म्हणाले, "तू बस. विचार कर. मी पाहतो."

मग आठ दिवस ते चाललं. मी अवघड प्रश्न काढून बसायची आणि भाऊ समोर स्टुलावर बसून माझा चेहरा पाहायचे. अक्षरशः पाहायचे, पाखरं यायची वाट बघत राखण करणारा माणूस शेताकडे पाहतो तसे. आठव्या दिवशी त्यांनी वही पुढे केली. "कानाची पाळी धरली, थांबली आहे. बोलू नये. मान खाली घातली, थांबली आहे. पाणी पिली, अटकली." मी ते दोनदा वाचलं. मी अडकले की पाणी पिते हे मला एकोणतीस वर्षांत माहीत नव्हतं. मला एवढं नीट कोणी पाहिलंच नव्हतं, आईनेसुद्धा नाही.

"पण अटकली तरी बोलायचं नाही हां भाऊ."

"नाई बोलत. नुसता बसतो. तू त्या डब्याकडे पाहून बोलते, त्या डब्याले चेहरा नाई. समोर माणूस असला म्हणजे वाक्याले जोर येते."

ते खरं होतं. काळ्या चौकोनाशी बोलून बोलून माझा आवाज दगडासारखा झाला होता. मी हो म्हटलं.

शेवटच्या कंपनीची फेरी शुक्रवारी दुपारी दोनला होती. हैदराबादची कंपनी. ही गेली की संपलं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. ब्रह्मपुरीचा एप्रिल. दुपारी कुत्रीसुद्धा गटारात जाऊन निजतात. महालाचा पडदा आम्ही आधीच गुंडाळून ठेवला होता. आता माझ्या पाठीमागे चूल, तिच्या वरची खिडकी, आणि खिडकीतून परसातला कडुनिंब दिसत होता. भाऊंनी चप्पल माझ्या खुर्चीपाशी काढून ठेवली होती, चालताना वाजते म्हणून. लॅपटॉपच्या मागे स्टुलावर बसले आणि ओठ हलू नयेत म्हणून दातांत आडवी पेन्सिल धरली. असा माणूस समोर बसलेला असताना गंभीर चेहऱ्याने डेटाबेसबद्दल बोलणं सोपं नाही, पण मी बोलले. फार दिवसांनी बोलल्यासारखं बोलले. भाऊंची मान हलत होती. त्यांना त्यातलं काय कळत होतं ते जाऊ द्या, मला ती मान पुरे होती.

वीस मिनिटांनी समोरचे सर म्हणाले, "तुम्ही सारखं स्क्रीनच्या वर बघताय. कृपया लॅपटॉप उचलून पूर्ण खोली दाखवा."

मी भाऊंकडे पाहिलं. त्यांनी बोटाने नुसतं गोल दाखवलं. फिरव.

मी लॅपटॉप उचलला आणि फिरायला लागले. डोमाजीभाऊ गुडघ्यात वाकले आणि माझ्यासोबत फिरायला लागले. लॅपटॉपच्या पाठीमागे, एक पाऊल मी, एक पाऊल ते, वही पोटाशी, पेन्सिल दातात. चूल, खिडकी, फळीवरचे डबे, वळकटी, कॅलेंडर, सगळी खोली त्या सरांनी पाहिली. तीस वर्षं लोकांच्या नजरेआड राहिलेला माणूस त्यांना दिसला नाही. गुडघे इतके चांगले होते.

मी लॅपटॉप टेबलावर ठेवला. सर म्हणाले, "तुमच्याशिवाय खोलीत कोणी आहे का?"

"नाही सर," मी म्हणाले. "इथे कोणीच नाही."

इंग्रजीत म्हणाले. पण महिनाभर माझं इंग्रजी देवनागरीत लिहून घेणाऱ्या माणसाला एवढं कळत होतं. भाऊंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. दातांतली पेन्सिल काढून खिशात ठेवली. उठले, आणि बाजूच्या दाराने हळूच बाहेर गेले. दार लोटताना बोट मध्ये धरलं, आवाज होऊ नये म्हणून.

मी पुढे बोलत राहिले. मध्ये एकदा पाणी प्यायले. स्टूल रिकामं होतं. सव्वातीनला सर म्हणाले, छान, आमची एचआर तुम्हाला कळवेल, आणि पहिल्यांदाच कॅमेरा चालू करून हसले. ती नोकरी मला मिळाली, हे आताच सांगून टाकते. जूनपासून मी हैदराबादला आहे. आईने सुट्टी संपली म्हणून सगळ्यांना सांगितलं.

कॉल बंद करून मी हाक मारली. उत्तर नाही. बाजूचं दार उघडलं तर डोळ्यांवर ऊन आदळलं. तिथे फक्त सिमेंटची फरशी आहे, छप्पर नाही. डोमाजीभाऊ भिंतीला पाठ लावून उभे होते, अनवाणी. एक पाय उचलायचे, दुसऱ्या पोटरीवर टेकायचे, मग तो खाली आणि हा वर. अडीचच्या आत गेलेले, जवळजवळ तासभर असे उभे.

"भाऊ, उन्हात काऊन उभे आहा? चप्पल कुठी आहे?"

"अंदर राह्यली. तुझ्या खुर्चीपाशी. घ्यायले आलो असतो तर दिसलो असतो."

"मग त्या कडुनिंबाखाली जायचं ना."

"लिंब तुझ्या खिडकीत येते."

"अन् गल्लीत?"

"फाटक कुरकुरते. माइकमध्ये गेलं असतं." मग त्यांनी कपाळाचा घाम बाहीने पुसला. "कशी झाली?"

मला राग आला होता, त्यांचा की माझा ते कळत नव्हतं. "पण तुमी बाहेर गेलेच कशाले? खोली पाहून झाली होती त्याची. तुमी दिसले नव्हते. बसून राह्यले असते तर काई झालं नसतं."

"तू म्हणली ना त्याले, इथी कोणी नाई म्हणून," डोमाजीभाऊ म्हणाले. "मी बसून राह्यलो असतो तर तू खोटी पडली असती बाई."

मी तिथेच उंबऱ्यावर बसले आणि रडले. नंतर आत जाऊन माठातलं पाणी बादलीत ओतून आणलं. तळव्यांना फोड आले होते, डाव्या पायाला जास्त. मी गडव्याने पाणी घालू लागले. "अवं राहू दे, राहू दे," ते म्हणत होते, पण पाय त्यांनी मागे घेतले नाहीत.